निकालावर पगार : एका जुन्या कल्पनेचा प्रवास

दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील शाळेच्या व्यवस्थापक मंडळाची एक बैठक ठरलेली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मंडळाच्या एका सदस्याने सूचना मांडली. विनाअनुदानित तुकड्यांवरील शिक्षकांची वार्षिक पगारवाढ यापुढे निकालाच्या टक्केवारीशी जोडावी, अशी ती सूचना होती. "फादर, कारखान्यात जितके काम तितका दाम असतो. शाळेतच तेवढा मूल शिको वा न शिको पगार चालू, असे का?" असे त्यांनी विचारले. सूचना मला तर्कशुद्ध वाटली, आणि शाळेचा व्यवस्थापक या नात्याने मी मान डोलावली. तेवढ्यात शिक्षकांच्या प्रतिनिधी म्हणून बसलेल्या एक ज्येष्ठ बाई हळूच म्हणाल्या, "फादर, ठराव करा, पण मग 'क' तुकडी कोण घेणार तेवढे आधी ठरवा."

आमच्या 'क' तुकडीत पाड्यांवरची मुले आहेत. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी आणि होळीनंतर परतणारी मुले आहेत. घरी वारली बोलणारी आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसणारी मुले आहेत. बाईंच्या प्रश्नाला त्या दिवशी मंडळातील कोणाजवळच उत्तर नव्हते. ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. तेवढ्या अवधीत मी जे वाचन केले, त्यातून असे ध्यानात आले की हा प्रश्न आमच्या मंडळाला पहिल्यांदा पडलेला नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ तो जगभर फिरतो आहे, आणि त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक अत्यंत सखोल उत्तर आपल्या पुण्यातच दिले गेले आहे. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

इंग्लंडची सुधारित नियमावली

इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शाळा प्रामुख्याने धर्मसंस्था चालवीत असत. १८३३ मध्ये सरकारने शाळांच्या इमारतींसाठी प्रथमच २० हजार पौंडांचे अनुदान मंजूर केले. कॅथलिक शाळांना या अनुदानाचा लाभ मिळू लागला तो १८४७ पासून. पुढे जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था झाली. प्रमाणपत्र मिळविलेल्या शिक्षकाला त्याच्या नावे सरकारकडून पगाराची पूरक रक्कम थेट मिळू लागली. गरिबांना शिकविणाऱ्या माणसाला समाजात थोडीफार प्रतिष्ठा लाभण्याची ती सुरुवात होती.

परंतु खर्च वाढत गेला. क्रिमियाच्या युद्धाने तिजोरीवर ताण आला होता. १८५८ मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१ मध्ये अहवाल दिला आणि बरीच मुले साधे वाचन-लेखनही नीट शिकत नाहीत, असा निष्कर्ष काढला. शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी त्यावर जो उपाय शोधला तो १८६२ ची 'सुधारित नियमावली' म्हणून प्रसिद्ध आहे. ही व्यवस्था स्वस्त ठरली नाही तर परिणामकारक ठरेल आणि परिणामकारक ठरली नाही तर निदान स्वस्त तरी ठरेल, अशा आशयाचे समर्थन त्यांनी पार्लमेंटमध्ये केले.

नियमावलीचा हिशेब अगदी काटेकोर होता. एका मुलामागे शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग मिळू शकत. त्यांपैकी ४ शिलिंग सरासरी हजेरीबद्दल आणि उरलेले ८ शिलिंग परीक्षेबद्दल. वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर शाळेत येई आणि प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेई. ज्या विषयात मूल नापास होई, त्यापोटी २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. शिक्षकाला थेट मिळणारी सरकारी रक्कम बंद झाली. सगळे अनुदान व्यवस्थापकांच्या हाती येऊ लागले आणि शिक्षकाने आपला पगार त्यांच्याशी बोलून ठरवावा, असे झाले. अनेक ठिकाणी व्यवस्थापकांनी पगाराचा काही भाग अनुदानावर अवलंबून ठेवला. हे व्यवस्थापक बहुधा त्या त्या गावचे धर्मगुरू असत, हे येथे मला नमूद केले पाहिजे.

स्वस्ताईचे आश्वासन पाळले गेले. १८६१ मध्ये सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेले सरकारी अनुदान १८६५ मध्ये सुमारे ६ लाख ३७ हजारांवर आले. शिक्षणाचे काय झाले, हे मात्र कवी आणि समीक्षक म्हणून ओळखले जाणारे मॅथ्यू आर्नल्ड यांनी लिहून ठेवले आहे. १८५१ पासून १८८६ पर्यंत ते शाळांचे इन्स्पेक्टर होते. नियमावली आली त्याच वर्षी त्यांनी तिच्याविरुद्ध लेख लिहिला आणि पुढे आपल्या वार्षिक अहवालांतून टीका चालू ठेवली. मुले वाचन शिकत नाहीत, परीक्षेचे पुस्तक पाठ करतात; इतिहास, भूगोल यांसारखे पैसे न आणणारे विषय मागे पडतात; शिक्षक मुलाकडे मूल म्हणून न पाहता शिलिंग आणि पेन्स म्हणून पाहू लागतो, हा त्यांच्या निरीक्षणाचा मथितार्थ होता.

या पद्धतीत एक गणित दडलेले होते. हुशार मूल पास होणारच. त्याच्यावर अधिक कष्ट घेऊन अनुदान वाढत नाही. अगदी मागे राहिलेले मूल वर्षभर कष्ट घेऊनही पास होण्याची शक्यता कमी. तेथे कष्ट वाया जाणार. म्हणून शिक्षकाचे सारे लक्ष काठावरच्या मुलांवर एकवटते. शिक्षक निर्दय असतो म्हणून हे घडत नाही. त्याच्या घरची चूल ज्या हिशेबावर पेटते, तो हिशेबच त्याला तेथे नेतो.

वेल्समधील मुलांची तर दुहेरी कोंडी झाली. तेथील खेड्यांत घराघरांत वेल्श भाषा बोलली जाई. परीक्षा मात्र इंग्रजीत. अनुदानाच्या विषयांत वेल्शला स्थान नव्हते. मुलाला इंग्रजी शब्द वाचता आला की शिलिंग मिळे. त्याचा अर्थ त्याला कळला की नाही, याची चौकशी दुय्यम होती. मातृभाषेच्या आधाराने इंग्रजी शिकविणे शहाणपणाचे होते, परंतु त्या शहाणपणाला दाम नव्हता. १८८५ मध्ये वेल्शच्या शालेय उपयोगासाठी एक संस्था स्थापन झाली. १८८६ ते १८८८ या काळात काम केलेल्या क्रॉस आयोगापुढे हा प्रश्न गेला, आणि त्यानंतर नियमावलीत वेल्शला जागा मिळाली. कार्डिनल मॅनिंग हे या आयोगाचे एक सदस्य होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत सैल करावी, असाच या आयोगाचा कौल होता. १८९० च्या नियमावलीने या पद्धतीचा कणा मोडला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती संपुष्टात आली. एडमंड होम्स या ज्येष्ठ इन्स्पेक्टरांनी १९११ मध्ये 'व्हॉट इज अँड व्हॉट माइट बी' हे पुस्तक लिहून या साऱ्या कालखंडाचा पश्चात्तापपूर्वक हिशेब मांडला. पद्धत रद्द झाली तरी तिने लावलेली घोकंपट्टीची सवय शाळांतून सहजासहजी जात नाही, हा त्यांचा अनुभव होता.

मुंबई इलाख्यात

इंग्लंडात शिवलेला अंगरखा हिंदुस्थानच्या अंगावर चढविला जाण्यास फारसा वेळ लागत नसे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले होते. ते अनुदान कोणत्या निकषावर द्यावे, हे प्रत्येक इलाख्याने आपापल्या परीने ठरविले. मद्रासेत शिक्षकांच्या पगारापोटी मदत देण्याकडे कल होता. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात निकालावर अनुदान ही पद्धत स्वीकारली. खात्याचे अधिकारी शाळेत येत, मुलांची परीक्षा घेत आणि उत्तीर्णांच्या संख्येनुसार रक्कम ठरे.

कल्पना करा, की ज्या समाजात अक्षराची ओळखच नव्हती, त्या समाजासाठी कोणी शाळा काढू इच्छितो. पहिली काही वर्षे मुले टिकणार नाहीत. जी टिकतील ती पेरणी-कापणीला गैरहजर राहतील. परीक्षेला बसण्याजोगी मुले तयार होईपर्यंत अनुदान नाही. आणि अनुदान नाही म्हणून मास्तर नाही. ज्या वस्तीत आधीपासून शिक्षणाची परंपरा आहे, तेथे मात्र हीच पद्धत पहिल्या वर्षापासून पैसा आणते. नियम सर्वांना सारखा होता. परंतु उतारावरून वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे त्याचा ओघ जेथे आधीच ओलावा होता तेथेच वळला.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वाट्याला तर शाळेचा उंबरठाच येत नव्हता. जून १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. एका मुलासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोग काय, असा मुंबई सरकारचा युक्तिवाद होता. पुढे कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. परंतु खलित्यातील तत्त्व आणि गावातील ओटा यांत फार अंतर होते. ज्या मास्तराची मिळकत हजेरीवर आणि निकालावर ठरते, त्याने एका मुलाला आत घेऊन वीस मुले गमावण्याचे धाडस करावे, अशी अपेक्षा त्या काळी कोण करणार होते?

जोतीरावांची साक्ष

३ फेब्रुवारी १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. रिपन यांनी १८७४ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. आयोगाच्या सदस्यांत मुंबईचे न्यायपंडित काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते, तसेच दक्षिणेत कार्य करणारे येशूसंघीय फादर जाँ हेही होते. या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन सादर केले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि १८४८ मध्ये मुलींसाठी शाळा काढणाऱ्या या माणसाने आयोगाला आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य अशी करून दिली आहे.

या निवेदनातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वश्रुत आहे. किमान बारा वर्षे वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी सुचविले. रयतेच्या घामातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रारही प्रसिद्ध आहे. परंतु शिक्षकाच्या पगाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे.

प्राथमिक शाळांतील मास्तरांचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो, त्यांपैकी पुष्कळ जण अप्रशिक्षित आहेत, असे त्यांनी आयोगाच्या नजरेस आणले. प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतून घ्यावेत. वेळप्रसंगी नांगराची मूठ वा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळेल, असा माणूस त्यांना हवा होता. गावच्या कारभारातही या शिक्षकाला काही स्थान द्यावे, म्हणजे त्याची प्रतिष्ठा वाढेल, असे ते म्हणतात. लोकल फंडाचा एकतृतीयांश भाग शिक्षणाला मिळे. त्याऐवजी निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखून ठेवावा, ही त्यांची सूचना पैशाची सोयही दाखविते.

आता मूळ मुद्दा. निकालावर अनुदान ही पद्धत गरीब आणि अज्ञानी ठेवलेल्या लोकांत शिक्षणप्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याचे कारणही त्यांनी दिले आहे. या लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही. अशा ठिकाणी कोणताही शिक्षक आपल्या हिमतीवर शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. म्हणून ती गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि विशेष उत्तेजन यांवाचून गत्यंतर नाही. महार, मांग इत्यादींची मुले जेथे पुरेशा संख्येने आहेत, तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळांची तरतूद असावी, कारण जातीय दुजाभावामुळे त्यांना इतर शाळांत बसू दिले जात नाही, हेही त्यांनी सांगितले.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. त्याच निवेदनात जोतीराव असेही म्हणतात, की जे ग्रामीण शिक्षक अधिक मुले उत्तीर्ण करतील, त्यांना पगाराशिवाय काही खास भत्ता उत्तेजनार्थ द्यावा. वरवर पाहता या दोन विधानांत विसंगती वाटते. वास्तविक ती एकाच विचाराची दोन अंगे आहेत. पगार हा शिक्षकाच्या उदरनिर्वाहाचा पाया आहे. तो निकालावर टांगता येत नाही. पाया पक्का झाल्यावर कष्टाचे कौतुक म्हणून वर काही द्यावे, त्याला हरकत नाही. लो यांची नियमावली पायालाच हात घालीत होती. जोतीरावांनी पाया आणि बक्षीस यांत फरक केला. त्या काळच्या शिक्षणतज्ज्ञांना इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलेला हा फरक आहे.

आयोगाने १८८३ मध्ये अहवाल सादर केला. प्राथमिक शाळांना बव्हंशी परीक्षेच्या निकालानुसार मदत द्यावी, असेच त्याने ठरविले. परंतु त्या शिफारशीला एक अपवाद जोडला: मागासलेल्या भागांतील वा विशेष परिस्थितीतील शाळांना खास नियमांनी मदत देता येईल. मुसलमान, आदिवासी व अस्पृश्य मानलेले समाज यांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचारही आयोगाने केला. अपवाद मान्य करणे म्हणजे मूळ नियम दुबळ्यांच्या कामाचा नाही, याची एका परीने कबुलीच होती. पुढे १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव प्रसिद्ध केला आणि निकालावर अनुदानाची पद्धत हिंदुस्थानातही सोडून दिली गेली. जोतीरावांचे निधन १८९० मध्येच झाले होते.

अमेरिकेतील पुनर्जन्म

कल्पना मरत नाहीत. त्या कूस बदलून पुन्हा जन्मतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा उघडउघड कमी पगार दिला जाई. १९४० मध्ये व्हर्जिनियातील नॉरफोकचे शिक्षक मेल्विन ऑल्स्टन यांच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने असा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. त्यांची बाजू मांडणाऱ्यांत पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल होते. १९४४ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील शिक्षिका व्हायोला ड्युव्हॉल यांच्या बाजूनेही निकाल लागला. रंगावरून पगार ठरविणे आता शक्य नव्हते. तेव्हा त्या राज्याने १९४५ मध्ये शिक्षकांची श्रेणी राष्ट्रीय शिक्षक परीक्षेतील गुणांशी जोडली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या निकृष्ट शाळांत शिकावे लागले होते, ते या परीक्षेत मागे पडणार, हे उघड होते. 'वर्ण' हा शब्द कागदावरून गेला, त्याच्या जागी 'गुणवत्ता' हा शब्द आला आणि पगारातील दरी पुष्कळ अंशी तशीच राहिली.

त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, ८ जानेवारी २००२ रोजी, 'कोणतेही मूल मागे राहू नये' अशा नावाचा कायदा अमेरिकेत अमलात आला. तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणितात चाचणी घ्यावी आणि २०१४ पर्यंत सर्व मुले अपेक्षित पातळीला पोहोचावीत, असे त्याचे उद्दिष्ट होते. या कायद्याचे एक श्रेय नाकारता येत नाही. कृष्णवर्णीय, लॅटिन वंशाची, गरीब, अपंग, इंग्रजी नव्याने शिकणारी मुले यांचे निकाल स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याची सक्ती त्याने केली. सरासरीच्या पडद्याआड दडलेली दरी त्यामुळे उघड्यावर आली. परंतु दरी मोजणे वेगळे आणि ती बुजविणे वेगळे. अपयशी शाळांवर कारवाईची टांगती तलवार आली, आणि २००९ नंतर शिक्षकांचे मूल्यमापन मुलांच्या गुणांशी जोडणाऱ्या राज्यांना केंद्रीय निधीत प्राधान्य मिळू लागले.

याचे एक दुःखद फलित जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात दिसले. तेथील सरकारी शाळांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि गरीब होती. त्यांच्या वाढत्या गुणांचे देशभर कौतुक झाले. राज्याच्या चौकशीचा अहवाल २०११ मध्ये बाहेर आला. तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले होते आणि त्यांत १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली गेली होती. एप्रिल २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. त्या शिक्षकांच्या हातून अपराध घडला, यात शंका नाही. परंतु फसवणूक झाली ती मुलांची. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्या नावापुढे 'येते' असे लिहिले गेले, की त्याला जादा मदत मिळण्याचा मार्गही बंद होतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदाच बदलण्यात आला.

प्रामाणिक बक्षिसांचेही प्रयोग झाले. नॅशव्हिल येथे २००६ ते २००९ या काळात गणिताच्या सुमारे ३०० शिक्षकांवर एक अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्यांना वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत बोनस मिळविण्याची संधी होती. मुलांच्या एकूण प्रगतीत फरक दिसला नाही. न्यूयॉर्कने शाळांना दिलेल्या बोनसवर सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले आणि अभ्यासकांना लाभ न आढळल्याने २०११ मध्ये योजना बंद केली.

आंध्रातील अनुभव

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अन्यथा हा इतिहास एकांगी होईल. आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी एक मोठा अभ्यास केला. तेथे बोनसमुळे मुलांची गणितात व भाषेत खरोखरच प्रगती झाली, आणि ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही झाली. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र त्या प्रयोगाची रचना नीट पाहिली तर जोतीरावांची आठवण होते. शिक्षकांचा नियमित पगार अबाधित होता. बोनस वर होता, आणि तोही सरासरीने वार्षिक पगाराच्या सुमारे ३ टक्के. तो किती मुले पास झाली यावर अवलंबून नव्हता. प्रत्येक मूल जेथे होते तेथून किती पुढे आले, त्याची सरासरी मोजली जात होती. अगदी मागे असलेले मूल दोन पावले पुढे आले, तर त्याचीही मोजणी होई. काठावरच्या मुलाला जादा भाव नव्हता. पाया आणि बक्षीस यांतील फरक येथे पाळला गेला होता.

आपल्या दारात

महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे नवा शिक्षक ठरावीक मानधनावर काम करतो. प्राथमिक शिक्षणसेवकाला आरंभी ते महिना ३ हजार रुपये होते आणि २०२३ मध्ये १६ हजार झाले. विनाअनुदानित शाळांतील पुष्कळ शिक्षकांनी तर वर्षानुवर्षे नाममात्र पगारावर काढली. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य सरकारने बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीला शाळेच्या श्रेणीची आणि निकालाची अट जोडली. शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केला आणि पुढे ती अट मागे घेण्यात आली. १८६२ ची कल्पना लंडनहून निघून मंत्रालयापर्यंत आली होती.

अशा अटीने कोणता शिक्षक अडतो? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांहून अधिक होती, तर राज्यातील अनुसूचित जमातींची सुमारे ६६ टक्के. २००१ च्या जनगणनेच्या आधारे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखविले, की देशाची साक्षरता ६५.१ टक्के असताना मुसलमान समाजाची ५९.१ टक्के होती. या दरीच्या पलीकडच्या काठावर उभे राहून जो शिकवितो, त्याचा निकाल अलीकडच्या काठावरील शिक्षकापेक्षा कमीच लागणार. त्याच्यावर निकालाची अट लादली, तर तो संधी मिळताच बदली मागेल. मग तेथे उरतो तो ज्याला दुसरीकडे कोठे जाता येत नाही असा शिक्षक, आणि ज्याला दुसरी शाळाच नाही असे मूल.

शिक्षकाने उत्तरदायी असू नये, असे मला म्हणावयाचे नाही. शाळेत न येणारा, फळ्यावर प्रश्नोत्तरे उतरवून देऊन खुर्चीत डुलक्या घेणारा शिक्षक मीही पाहिला आहे. त्याला पाठीशी घालणारे व्यवस्थापन हे गरिबांच्या मुलांचे अपराधी आहे. परंतु त्यावरील उपाय म्हणजे वेळोवेळी आणि पूर्वसूचना न देता होणारी तपासणी. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाही, हेही जोतीरावांनीच १८८२ मध्ये सांगून ठेवले आहे. पोपटपंचीला बक्षीस देऊन आळस जात नाही. तो फक्त चलाख होतो.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. मजुरी केवळ दोघांच्या करारावर सोडता येत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तिच्यातून झालाच पाहिजे, असे त्यात प्रतिपादिले आहे. ते कारखान्यातील कामगारासंबंधी होते. आमच्या संस्थांतील विनाअनुदानित शिक्षकाला ते लागू पडत नाही, असे म्हणण्याचे धैर्य मला तरी होत नाही.

तहकूब झालेला तो ठराव पुढील बैठकीत आला. मी वाचलेले थोडेफार मंडळापुढे ठेवले. ज्यांनी सूचना केली होती, त्यांनीच ती मोठ्या मनाने मागे घेतली. सुटे शब्द सुचवून नवा ठराव लिहिण्यासही त्यांनी हात दिला. सर्व विनाअनुदानित शिक्षकांची वाढ सारखी राहील, आणि 'क' तुकडी घेणाऱ्या शिक्षकाला शाळेच्या निधीतून दरमहा वेगळा भत्ता मिळेल, असे ठरले. रक्कम फार मोठी नाही; आमचा निधीही मोठा नाही. हरवलेल्या एका मेंढराच्या शोधात नव्याण्णव मेंढरे सोडून जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून कितीदा तरी देतो. जो शिक्षक त्या एकाच्या मागे जातो, त्याचा पगार उरलेल्या नव्याण्णवांच्या निकालावरून कापावयाचा नाही, एवढी गोष्ट शाळेच्या हिशेबवहीत उतरविण्यास मात्र आम्हाला बराच उशीर झाला.

त्या वर्षी 'क' तुकडीसाठी दोन शिक्षकांनी आपणहून नावे दिली. त्यांतले एक नाव त्याच बाईंचे होते.